चूल पेटवण्याआधी धुराला वाट द्या : बुलढाणा जिल्ह्यातील घराघरांना आवाहन

घाटावरच्या आणि घाटाखालच्या सर्व मायबहिणींनो, शेतकरी बांधवांनो, गवंडी-मिस्त्रींनो,

सोयाबीन निघाले आहे. कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडते आहे. बुलढाणा, चिखली, मेहकरकडे पहाटेचा गारठा जाणवू लागला की तो मोताळा, खामगाव, संग्रामपूरला उतरायलाही फार दिवस लागत नाहीत. यापुढचे चार महिने आपल्या जिल्ह्यात घरातला विस्तव सर्वांत जास्त वेळ पेटता राहतो. स्वयंपाकाला, आंघोळीच्या पाण्याला, जनावरांच्या आंबोणाला, शेकायला, बाळंतिणीला, सगळ्यालाच तो लागतो. आणि नेमक्या याच महिन्यांत घरात आणि घराभोवती पेट घेणारा मालही सर्वांत जास्त असतो : कापूस, कुटार, कडबा, तुराट्या, पुढे पऱ्हाटी. म्हणून हे आवाहन आजच करतो आहे. उशीर झाला तर त्याचा उपयोग नाही.

मागणे एकच आहे. चूल मातीची असो, लोखंडी असो, बंब असो की पेलेटवर चालणारी नवी शेगडी असो, तिचा धूर आणि वायू घराबाहेर जाईल अशी पक्की वाट केल्याशिवाय आणि तिच्याभोवतीची जागा मोकळी केल्याशिवाय ती पेटवू नका. पेटती शेगडी घेऊन दार लावून तर कधीच झोपू नका.

गॅस आला, पण चूल घरातच आहे

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या गावांतल्या असंख्य घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला. त्याने खूप काही साधले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के घरेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी आढळली. म्हणजे राज्यात दर पाच घरांमागे एका घराचा स्वयंपाक तेव्हाही लाकूड, गोवऱ्या आणि काडीकचऱ्यावरच होत होता. उरलेल्या चार घरांतही चूल गेली, असे समजू नका. चहा आणि भाजी गॅसवर होते. भाकरी, आंघोळीचे पाणी आणि लग्नकार्याचा स्वयंपाक चुलीवर होतो. पऱ्हाटी शेतातून फुकट येते आणि सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात. त्यामुळे चूल वापरणाऱ्या बाईला दोष देण्यात काही अर्थ नाही. ज्याला जमेल त्याने गॅसकडे, गोबरगॅसकडे किंवा विजेच्या शेगडीकडे जावे, हे सर्वांत चांगले. पण ज्या घरात चूल राहणार आहे, त्या घरातली चूल आजपेक्षा सुरक्षित झालीच पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक बालके होती. डोळे चुरचुरणे आणि खोकला येणे ही या धुराची वरवरची लक्षणे. त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. दमा, फुप्फुसांचे जुने विकार, हृदयविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू, कमी वजनाचे बाळ या सगळ्यांशी त्यांचा संबंध आहे. चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे किंवा पाठीशी खेळणारे मूल हा धूर सर्वांत जास्त पितात.

धूर नाही, म्हणून धोका नाही, हा समज सोडा

सर्वांत आधी शेगडीबद्दल बोलतो, कारण तिच्यामुळे एका रात्रीत आख्खे कुटुंब जाऊ शकते.

लाकूड जळून त्याचे लाल निखारे झाले की धूर दिसेनासा होतो. आपल्याला वाटते, आता ही शेगडी किंवा हे निखाऱ्यांचे घमेले खोलीत न्यायला हरकत नाही. प्रत्यक्षात धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणावर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. श्वासातून आत गेला की तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. रक्त वाहत राहते, पण त्यातून शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, अंग गळून जाते. जागा असलेला माणूससुद्धा उठून दाराची कडी काढू शकत नाही. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही.

आपल्याकडे हा धोका चार ठिकाणी असतो. चारही नीट बघा.

पहिले ठिकाण बाळंतिणीची खोली. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावायची, फटींत कापड कोंबायचे आणि बाजेखाली शेगडी ठेवायची, ओव्याची-शेपांची धुरी द्यायची, ही पद्धत मायेपोटीच चालत आली आहे. पण त्या बंद खोलीत सर्वांत कमी वजनाचा आणि सर्वांत भराभर श्वास घेणारा जीव झोपलेला असतो. आजीबाईंना, मामींना, सासूबाईंना हात जोडून विनंती आहे : शेक द्यायचा तर शेगडी बाहेर ठेवा, कापड तिथे गरम करा आणि आत आणा. बाळाला ऊब आईच्या छातीशी धरून, टोपी-मोजे घालून, गोधडीत गुंडाळून द्या. धुरी बाळाला देऊच नका.

दुसरे ठिकाण शेतातली खोपी आणि मोटारपंपाची खोली. गहू-हरभऱ्याला रात्रीची लाइट असते. पाण्याच्या पाळीत दोन तास पडून घ्यावे म्हणून शेतकरी घमेल्यात निखारे घेऊन आत जातो आणि थंडी येते म्हणून पत्र्याचे दार ओढून घेतो. जागलीला जाणाऱ्या प्रत्येकाला घरच्यांनी हे सांगून पाठवावे : शेकोटी बाहेर, झोप आत. दोन्ही एका खोलीत नाहीत.

तिसरे ठिकाण न्हाणीघर. लाकडावरचा बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका. तो अंगणात ठेवा आणि गरम पाणी बादलीने आत न्या. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरलाही हाच नियम लागू आहे. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवा.

चौथे ठिकाण मजुरांची आणि विद्यार्थ्यांची भाड्याची खोली. एकच खोली, एकच दार, खिडकी असली तरी पुठ्ठ्याने बंद केलेली. घरमालकांनो, भाडे घेता त्या खोलीला वर आणि खाली हवा खेळेल असा झरोका ठेवणे तुमचे काम आहे.

चूल कुठे मांडावी

नवी चूल मांडताना किंवा जुनी हलवताना आधी जागा निवडा. आपल्या जिल्ह्यातल्या घरांच्या बांधणीप्रमाणे यात काही गोष्टी खास बघायला हव्यात.

कापसापासून चूल दूर ठेवा. भाव वाढेल म्हणून आपण कापूस राहत्या घरात भरून ठेवतो. कित्येक घरांत कापसाचा ढीग आणि चूल यांच्यात एखादा पडदा किंवा उघडे दार एवढेच असते. कापसात पडलेली ठिणगी लगेच भडकेलच असे नाही. ती आत तासन्‌तास धुमसते आणि घर झोपल्यावर पेट घेते. कापूस आहे त्या खोलीत चूल, शेगडी, दिवा, उदबत्ती, विडी यांपैकी काहीही नको. दुसरी जागाच नसेल तर कापूस घरात असेपर्यंत चूल अंगणात किंवा ओसरीच्या टोकाला न्या.

कुडाच्या भिंतीला चूल टेकवू नका. तुराट्यांचे किंवा पऱ्हाटीचे कूड शेणामातीने लिंपलेले असते, तोवर ते विस्तव काही काळ सोसते. पण चुलीमागचे लिंपण उन्हाने आणि आचेने तडकते, पोपडे पडतात आणि आतली काडी उघडी पडते. अशा भिंतीपाशी चूल मांडायचीच असेल तर मध्ये वीट-मातीची स्वतंत्र भिंत उभी करा. ती चुलीपेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद आणि उंच असावी आणि कुडापासून तिच्यामागे हवेला वाव राहील एवढे अंतर ठेवावे. बाजारातून आणलेली बंद लोखंडी चूल बसवताना लाकूड, कूड, पडदा, कपाट यांपासून सर्व बाजूंनी तीन फूट जागा मोकळी सोडा. शेतघर, ढाबा किंवा पाहुण्यांसाठीचे निवास बांधणाऱ्यांनी हे माप नकाशातच धरावे.

सिलिंडर आणि चूल एका खोलीत ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो खाली बसतो आणि जमिनीलगत पसरत जातो, आणि आपली चूल जमिनीवरच असते. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात असणे ही आज गावोगावची सर्वसाधारण स्थिती आहे आणि ती ताबडतोब बदलायला हवी. दोघांमध्ये पक्की भिंत हवी. तोवर निदान एवढे करा : चूल पेटवण्याआधी रेग्युलेटर बंद करा, वास येतो का बघा, दार-खिडकी उघडी ठेवा. गॅसची नळी पाच वर्षे झाली की बदला.

सरपण चुलीच्या तोंडाशी रचू नका. आपल्याकडे पऱ्हाटी लांबच्या लांब चुलीत सारतात आणि मागचे टोक जमिनीवर पसरलेले राहते. बाई कणीक आणायला किंवा रडणाऱ्या पोराला घ्यायला उठली की आग काडीवरून बाहेर चालत येते आणि शेजारच्या भाऱ्याला लागते. पऱ्हाटी-तुराटी तोडून हातभर करा, लागेल तेवढीच आत आणा आणि बाकीचा भारा खोलीबाहेर ठेवा. चुलीसमोर तीन फूट जमीन झाडलेली, मोकळी असावी.

धुराडे असे बसवा

धूर बाहेर नेण्याची कल्पना आपल्या विदर्भाला जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम चालले, तिथूनच मगन चूल ही धुराड्याची चूल पुढे आली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने महाराष्ट्रातल्या गावांत अशा चुली बनवणारे कारागीर तयार केले. म्हणजे ज्ञान आपल्यापाशी आहे. ते आता आपल्या गवंड्याच्या हातात आले पाहिजे.

दोन भांड्यांच्या मातीच्या चुलीत विस्तव पहिल्या भांड्याखाली असतो, गरम वायू बोगद्यातून वैलाखाली जातो आणि तिथून धुराड्यात चढतो. गरम हवा वर जाते आणि मागची हवा चुलीच्या तोंडातून आत ओढते. धुराड्याचे सगळे काम या ओढीवर चालते. म्हणून गवंड्याने पुढील गोष्टी चोख कराव्यात.

नळी पत्र्याची किंवा भाजलेल्या मातीची घ्यावी. तीन ते चार इंच व्यास घरच्या चुलीला पुरतो. पीव्हीसीचा पाइप कधीही वापरू नये. तो मऊ पडतो, पेटतो आणि विषारी धूर सोडतो. जुना अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा पाइप असेल तर तो करवतीने कापू नये, घासू नये. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

नळी शक्य तितकी सरळ वर न्यावी. वळण जितके कमी, तितकी ओढ चांगली. भिंतीतून बाहेर काढायची झाल्यास आडवा भाग अगदी थोडा आणि वर चढता ठेवावा. तळाशी काजळी काढण्यासाठी झाकणाचे तोंड असावे.

नळीचे टोक छपराच्या पत्र्याशी संपवू नये. ते छपरापासून निदान तीन फूट वर आणि आसपासच्या दहा फुटांतल्या आढ्यापेक्षा किंवा भिंतीपेक्षा दोन फूट उंच असावे. नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो. टोकावर पावसाची टोपी हवी, पण ती नळीच्या तोंडापासून पुरेशी वर. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर धूर सोडू नये.

धुराडे छपरातून जाते, ती जागा सर्वांत धोक्याची. माळवदाच्या घरात वर सागाच्या कड्या, त्यावर किलचे आणि माती असते. तापलेली नळी लाकडाला टेकली की लाकूड महिनोन्‌महिने कोरडे पडत, काळवंडत जाते आणि एक दिवस आतल्या आत पेटते. माळवदात आग दिसेपर्यंत ती फार पसरलेली असते. एकेरी पत्र्याची नळी लाकडापासून दीड फूट लांब ठेवा. तेवढे शक्य नसेल तर माळवद फोडूच नका. नळी मातीच्या किंवा दगडाच्या भिंतीतून बाहेर काढा. टिनपत्र्याच्या छपरात भोक मोठे घ्या, भोवती पत्र्याची पट्टी बसवा. रबर, थर्माकोल, प्लॅस्टिकची पोती कोंबून गळती थांबवू नका. कवेलूच्या घरातही नळीखालची बल्ली आणि बत्त्या बघूनच जागा ठरवा.

घरकुल बांधणाऱ्यांना खास विनंती. प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वयंपाकाची स्वतंत्र, आरोग्यदायी जागा धरलेली आहे. स्लॅब पडण्याआधीच मिस्त्रीला सांगा की स्वयंपाकाच्या जागेवर सहा इंचाची लोखंडी नळी सोडून ठेव. तेव्हा हे काम अगदी थोड्या खर्चात होते. नंतर स्लॅब फोडावा लागतो, म्हणून कोणी फोडत नाही आणि नव्या पक्क्या घरात जुन्यापेक्षा जास्त धूर कोंडतो. कुडाच्या आणि कवेलूच्या घरांतून फटींमधून थोडा तरी धूर निघून जायचा. स्लॅबच्या घरात तो जाणार कुठे?

मातीची चूल बांधून झाली की आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्या, मग लहान जाळ करून हळूहळू तापवा. पहिल्यांदा पेटवताना उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर ओढ बरोबर आहे. बाहेर आला तर गवंड्याला परत बोलवा. आणि धुराडे असले तरी खिडकी उघडीच ठेवा. चुलीला आत घ्यायला ताजी हवा मिळाली नाही तर धुराडेही उलटे वाहते.

पेलेटची शेगडी घेणार असाल तर

पऱ्हाटी, सोयाबीनचे कुटार, भुईमुगाची टरफले यांपासून दाबून केलेल्या पेलेटवर चालणाऱ्या शेगड्या आता खानावळींत आणि काही घरांत दिसतात. आपला जिल्हा कापूस-सोयाबीनचा, म्हणून या इंधनाला इथे भविष्य आहे. कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे नागपूरचे केंद्र पऱ्हाटीच्या पेलेटवर काम करते आहे. या शेगडीत छोटा पंखा हवा फुंकतो, जाळ निळसर-पिवळा आणि धूर फारच थोडा होतो. पण बहुतेक शेगड्यांना धुराडे नसते. धूर कमी दिसला तरी वायू खोलीतच राहतो. म्हणून ती उघड्या खिडकीशी किंवा ओसरीत वापरा.

विकत घेताना भारतीय मानक ब्युरोचा आयएस १३१५२ हा क्रमांक बघा. पेटवायला पेट्रोल, डिझेल किंवा सॅनिटायझर ओतू नका. वाळलेल्या काड्या आणि शेणाचा तुकडा पुरतो. जळत्या शेगडीत वरून पेलेट ओतू नका. पंखा बंद पडला तर शेगडी धुमसू लागते, तेव्हा ती फडक्याने धरून मोकळ्या अंगणात न्या. पेलेट कोरड्या डब्यात ठेवा. ओल लागली की त्यांचा भुगा होतो आणि धूर सुटतो.

आणि घेण्याआधी पेलेट वर्षभर कुठून, काय दराने मिळतील याची चौकशी करा. २००६ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बनलेली ‘ऊर्जा’ नावाची पेलेट शेगडी बाजारात आली आणि महाराष्ट्रातल्या गावांतही मोठ्या संख्येने विकली गेली. पुढे पेलेट महागले, गावात मिळेनासे झाले आणि चांगल्या शेगड्या घरांत पडून राहिल्या. बचत गटांनी मिळून पेलेट आणले किंवा गावातच बनवले, तर असे होणार नाही.

बांधून भागत नाही, साफही करावे लागते

ओडिशातल्या गावांत अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षे सुधारित चुलींचा अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर धुराडी तुंबली, चुली तडकल्या, दुरुस्ती झाली नाही आणि फायदा नाहीसा झाला. आपल्याकडेही सरकारी चुलींची गत फारशी वेगळी नव्हती. जर्मनीत घराघरातले धुराडे तपासून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून ही जबाबदारी घरातल्या माणसांचीच.

थंडीत रोज चूल पेटते त्या घराने महिन्यातून एकदा धुराडे झाडावे. दोरीला काथ्याचा किंवा पोत्याचा बोळा बांधून वरून खाली ओढला की काजळी पडते. ओले सरपण जाळले की नळीत डांबरासारखा थर बसतो आणि तो पेटला तर नळी लालबुंद होते. म्हणून सरपण उन्हात खडखडीत वाळवूनच जाळा. प्लॅस्टिक, कीटकनाशकाचे डबे, रंगवलेले लाकूड, टायरचे तुकडे चुलीत घालू नका. तो धूर तुमच्या भाकरीवरून आणि फुप्फुसातून जातो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी नळीत पाखराचे घरटे किंवा गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हे बघा.

राखेतला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. ताजी राख उकिरड्यावर, कुटाराच्या ढिगाशेजारी किंवा प्लॅस्टिकच्या घमेल्यात टाकू नका. झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा, पाणी शिंपडा. शेतात जाताना चूल विझवून, पाणी मारून जा. चुलीपाशी पाण्याची भरलेली बादली आणि वाळूचे घमेले कायम असू द्या. स्वयंपाक करताना पदर खोचा आणि नायलॉनची साडी टाळा.

कोणी काय करायचे

सरपंच आणि ग्रामसेवक : येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. किती घरांत धुराडे नाही, किती घरांत कापूस आणि चूल एकत्र आहे, याची यादी करा. ज्यांची ऐपत नाही त्यांच्या धुराड्यासाठी गावाने वर्गणी किंवा निधी उभा करावा.

आशाताई आणि अंगणवाडीताई : बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तुमच्या भेटी असतातच. प्रत्येक भेटीत खोलीत शेगडी आहे का, हे डोळ्यांनी बघा. असेल तर तुमच्यासमोर बाहेर काढायला लावा.

गवंडी, वेल्डर, टिनकाम करणारे : धुराड्याविना चूल बांधायला नकार द्या. नळी, टोपी, छपराची पट्टी असा पूर्ण संच तयार ठेवा.

शाळा आणि शिक्षक : पोषण आहार चुलीवर शिजत असेल तर ती जागा वर्गापासून दूर, धुराड्याची असावी. मुलांना कार्बन मोनॉक्साइड शिकवा. आजीला समजावण्याचे काम ती आपोआप करतील.

कृषी विज्ञान केंद्रे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ऊर्जा विभाग : गावातल्या एकेका गवंड्याला चूल-बांधणीचे प्रशिक्षण द्या.

पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या मुला-मुलींनो : घरच्यांसाठी भेट आणाल, ती आणा. त्याबरोबर एक दिवस शिडी लावून छपरावर चढा आणि धुराडे साफ करा. आईला खोकला किती दिवसांपासून आहे, हे विचारा.

प्रसंग ओढवलाच तर

बंद खोलीत कोणी बेशुद्ध आढळले तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. शेगडी उचलण्यात वेळ घालवू नका. श्वास बंद असेल आणि तुम्हाला करता येत असेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा. दवाखान्यात डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘बंद खोलीत शेगडी होती.’ नाहीतर उलट्या आणि डोकेदुखी बघून अन्नातून विषबाधा झाल्याचा समज होतो. कोरोनाच्या काळात घेतलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर या वेळी विश्वास ठेवू नका. तो कार्बन मोनॉक्साइड ओळखू शकत नाही आणि आकडा चांगला दाखवतो. घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी-मळमळ सुरू झाली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर कारण वायूच आहे असे धरून चाला.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर लोळा किंवा जाड सुती गोधडीत गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप, बर्फ लावू नका. बांगड्या-अंगठ्या काढा, स्वच्छ कापडाने झाका आणि दवाखान्यात न्या. आगीसाठी १०१, कोणत्याही संकटासाठी ११२, गॅसगळतीसाठी १९०६. हे तीन आणि १०८ असे चारही क्रमांक आजच कोळशाने चुलीमागच्या भिंतीवर लिहा.

दिवाळीच्या साफसफाईला आपण घराचा कोपरा न्‌ कोपरा झाडतो. या वर्षी त्या कामांच्या यादीत धुराडे पहिले असू द्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाचे पाणी तापवायला विस्तव पेटवाल, त्याआधी तुमच्या घरी चार गोष्टी झालेल्या असाव्यात : कापूस चुलीपासून वेगळा, सिलिंडर भिंतीपलीकडे, धुराडे साफ आणि छपराच्या वर, आणि झोपायच्या खोलीत शेगडी नाही. आपल्या घरी झाले की शेजारच्या घरी जा, त्यांना मदत करा. ज्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत, ज्या घरात बाळंतीण आहे, त्या घरापासून सुरुवात करा. या कामाला फार पैसा लागत नाही, सरकारच्या आदेशाची वाटही बघावी लागत नाही. एका दिवसाची मेहनत लागते आणि तो दिवस थंडी पडण्याआधीचा असला पाहिजे.